शेफर्डपायरी

हिरडवाडीच्या माथ्यावर साहेबाच्या बंगल्याचा आता नुसता चौथरा उरलाय. त्याच्या खालच्या पायरीवर भर वैशाखातही ओला पाय उमटलेला दिसतो, हवं तर पाच बोटं मोजून घ्या. कुणी म्हणतं, दगडाला पाझर असेल. असेलही. पण गावात तिला शेफर्डपायरी म्हणतात, आणि त्याचं कारण असं सांगतात.

म्हाकू धनगर दर साल मेंढरं घेऊन माथ्यावर यायचा. कळपापुढे एक काळा मेंढा असायचा. बायको मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हा म्हाकूने तो बिरोबाला सोडला होता. त्याला सुरी लागू देणार नाही, असा देवाला शब्द दिला होता. बंगल्यातला खानसामा अंतू म्हाकूचा जिवाभावाचा दोस्त. दोघं एका घोंगडीवर बसून भाकरी खायचे, त्यामुळे हे सगळं अंतूला ठाऊक होतं.

एकदा दरड कोसळून घाट आठ दिवस बंद पडला. बंगल्यात पाहुणे आलेले आणि मटणाचा तुकडा मिळेना. अंतू म्हाकूच्या पालावर आला.

"साहेबाला शेफर्ड्स पाय पाहिजे म्हणे."

"म्हंजी रं काय?"

"शेफर्ड म्हणजे धनगर. आता पाय म्हणजे काय, तेही मीच सांगू?"

म्हाकूचा ऊर भरून आला. आपले पाय घराला लागावेत असं साहेबाला वाटतंय! बायकोला म्हणाला, "बघ, तू ह्याच पायांना चिखलाचं खूर म्हणतीस!"

"मेंढ्यालाही आण बरं का," अंतू जाता जाता बोलला. "साहेबाला बघायचाय."

दुसऱ्या दिवशी म्हाकूने पायरीवर पाय खळखळून धुतले आणि तो ओल्या पायांनी व्हरांड्यात उभा राहिला. अंतू मेंढ्याला पाणी पाजायला म्हणून मागे घेऊन गेला. म्हाकू दुपारपर्यंत तसाच उभा होता म्हणे. शेवटी अंतू बाहेर आला, तो हातात भलंथोरलं भांडं घेऊन. खाली खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा लालसर भाजलेला थर.

"ह्यालाच ते लोक पाय म्हणतात," तो मान खाली घालून पुटपुटला.

"माझा मेंढा?"

अंतूने भांड्यावर फडकं ओढलं.

"साहेबाला माझी बोली येत नव्हती, अंतू," म्हाकू म्हणाला. "तुला येत होती."

मग त्याने घोंगडी काढली आणि फरशीवरची आपली एकेक पाऊलखूण पुसत तो मागे मागे गेला. पायरीवरची तेवढी पुसली जाईना, म्हणतात. त्या सालापासून त्याचा कळप माथ्यावर चढला नाही.

अंतूच्या घरचे आजही दर साल एक काळा मेंढा बिरोबाला सोडतात. न्यायला म्हाकूच्या वंशातले धनगर येतात, पण अंगणाबाहेरच थांबतात. घरची म्हातारी हात जोडून म्हणते, "बाबांनो, आत या, बसा घटकाभर."

ते मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "नको आजी, पाय दुखत्यात."