ओ न देणारं गाव

चैत्रातली भर दुपार. सावळघाट परगण्यातल्या दरेमाथा गावाच्या वेशीवर माणसांची मोजदाद करणारे खानेसुमारीचे कारकून अंताजीपंत घोड्यावर बसून होते. त्यांनी तीन हाका मारल्या. ओ आली नाही. पंतांनी लिहिलं 'बेचिराख', म्हणजे दिवा लावायलाही माणूस नसलेलं गाव, आणि घोडं वळवलं.

चूल ऊन आहे का, रांजणात पाणी आहे का, हे बघायला ते खाली उतरले नाहीत. दिवस बाळहिरड्याचे होते. तान्ह्यांना पाठीला बांधून, म्हाताऱ्यांना हाताला धरून सगळं गाव हिरडा वेचायला रानात गेलं होतं. अर्धा परगणा डोंगराचा, आणि डोंगरातली माणसं दिवसा घरात सापडत नाहीत. हे वाटेवरच्या कुणीही सांगितलं असतं. विचारायला तोंड उघडावं लागतं.

बेचिराख गावच्या कागदावर मोहोर उठली, की त्याची जमीन राजाच्या शिकारीच्या रानात जमा होई. शिपाई हद्दीच्या खुंट्या ठोकायला आले तेव्हा गावाला कळलं, की आपण नाही आहोत.

गावात सगळ्यांत तोंडाळ ठकू. ती डोंगर उतरली आणि सकाळच्या दरबारात रायाजीराजांपुढं उभी राहिली.

"कुठली गं तू?"

"दरेमाथ्याची, महाराज."

अंताजीपंत हसले. "ते गाव बेचिराख आहे, बाई."

"मग मी कोण, पंत? हडळ?"

"ते तुझं तू बघ. तीन हाकांना ओ आली तर वस्ती, नाही आली तर बेचिराख. नियम आहे."

"नियम सोपा आहे," राजे म्हणाले. "माणूस असला तर ओ देईलच."

"आणि नाही दिली तर?"

राजांना मौज वाटली. "बरं. माणसं नांदताहेत आणि तीन हाकांना ओ येत नाही, असं एक ठिकाण मला दाखव. तुझं गाव सोडून. उद्या संध्याकाळपर्यंत दाखवलंस तर कागदावरची मोहोर मी स्वतः पुसतो. नाही तर खुंट्या."

ठकू बाहेर पडली. तिनं कासारआळीत हाक मारली, तर चार दारांतून ओ आली. तेल्याच्या घाण्यावर मारली, तर बैलानंही मान वळवली. दुपारी दमून ती राजवाड्याच्या देवडीवर टेकली आणि मोठ्यानं शिंकली. देवडीवाला दातओठ खात धावत आला आणि तिच्या कानाशी कुजबुजला, "मरायचंय का? महाराजांची वामकुक्षी चाललीय. या वेळी आवाज केला की चाबूक."

"तुम्हालासुद्धा?"

"दिवाणांनासुद्धा."

ठकूचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अंताजीपंतांना घरून उठवून आणलं. "ठिकाण सापडलं. दौत-लेखणी घ्या." देवडीपाशी येताच पंत दोन पावलं मागं सरले.

"मारा हाक."

पंतांनी मानेनंच नाही म्हटलं.

"बरं, मी मारते." ठकूनं रानात मारतात तशी हाक ठोकली. "कोण आहे का घरात?"

पहारेकरी होते, आचारी होते, सज्ज्यात दिवाण होते. सगळे डोळे फाडून बघत राहिले. ओ आली नाही. दुसरी हाक. तिसरी. देवडीवाल्यानं तर स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

वरची खिडकी धाडकन उघडली. विस्कटल्या केसांनिशी राजे गरजले, "कोण आहे रे तिकडे?"

त्यालाही कुणी ओ दिली नाही.

"महाराज," ठकू खालून म्हणाली, "माझ्या तीन हाका वाया गेल्या, आणि तुमची एक. पंत, लिहा. मौजे राजवाडा, बेचिराख. अन् शिपायांना म्हणावं खुंट्या आणा. कुठं ठोकायच्या ते मी दाखवते."

राजे इतके हसले की खिडकीची चौकट धरावी लागली. ते हसले तेव्हा कुठं देवडीवर बाकीच्यांना आवाज फुटला.

मोहोर पुसली गेली. हिरड्याचं रान दरेमाथ्याला इनाम मिळालं आणि ठकूच्या हातात सोन्याचं कडं आलं. खानेसुमारी यापुढं दिवेलागणीलाच करायची, असा हुकूम निघाला.

अंताजीपंतांच्या त्याच दप्तरात आणखी सात गावं बेचिराख लिहिलेली आहेत. सगळी डोंगरातली. तिथं पंतांनी हाक केव्हा मारली, किंवा मुळात मारली की नाही, हे अजून कुणीही विचारलेलं नाही.