शेंदराखालची पावलं

एका राज्यात राजे आरवत असत. हसू नका, दरबारातही कोणी हसत नसे. माध्यान्ह झाली की गादीवरचा राजा मान ताठ करून "कुकूच कू" करी आणि प्रधान म्हणे, "वा महाराज, काय हा विचार!" कर्कट मांत्रिकाचा शाप होता तो. मूळपुरुषाच्या बाळपावलांच्या ठशात वारसाची पावलं बसतील, तेव्हाच आरवणं थांबणार होतं.

ठसा गादीपुढच्या शिळेवर होता. रीत अशी, की राजघराण्यात मूल झालं की बारशाला शिळेवर ओला शेंदूर थापावा आणि बाळाची पावलं टेकवावी. सपाट उमटली तर नाव ठेवावं. नाही तर पाळण्यासकट सीमेपार.

राणी वेणावतीला मुलगी झाली. जन्मतःच दोन्ही तळवे आत वळलेले, जणू पायांनीच नमस्कार करतेय. वैद्य ते ओढून सरळ करू लागले. पोर कळवळली, तशी राणीने वैद्यांचे कान ओढले.

राजा धुंधुरसेन म्हणाला, "रीत ती रीत. बारशाला पोर जाणार."

"रीत पाळून आपलं आरवणं थांबलं का?"

राजा उत्तर देणार, तोच माध्यान्ह झाली.

खिडकीत भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राणीसाहेब, तीन कामं. कर्कटाच्या दिव्यातलं तेल आणा. त्याच्या खजिन्यातली शिंपली आणा. तिसरं आत्ता सांगत नाही. सांगितलं तर पहिली दोनही करायच्या नाहीत."

राणी पोर छातीशी धरून कर्कटाच्या गुहेत गेली. दिव्याची ज्योत म्हणाली, "कोण गं तू?"

"हिची आई."

"मग घे तेल. हळू ओत, मला पडसं आहे."

खजिन्यात सोन्याला शिवलेले चोर सोन्याचे होऊन उभे होते. राणीने सोन्याकडे पाहिलंही नाही, असं भाट गातात. पाहिलं हो, चांगलं पाहिलं! पण मोकळा हात एकच. त्याने शिंपली उचलली.

बारशाच्या दिवशी भारद्वाज म्हणाला, "आता शिळेला तेल लावा आणि शेंदूर खरवडा."

राणी पांढरी पडली. मांत्रिकापेक्षा शेंदराला भिणारं राज्य ते, शेंदूर थापलेली शिळा म्हणजे देवच! राजपुरोहित किंचाळला, "राणीसाहेब, देव कोपेल!"

"कोपू दे, गुरुजी. आधी त्याचे डोळे तर उघडू दे."

तिने तेल चोळून शिंपलीने खरवडलं. पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराचं कवच खळ्ळकन निखळलं. खाली काळ्या दगडात दोन इवली पावलं, आत वळलेली.

"मूळपुरुषाचे पाय असे?" पुरोहित पुटपुटला.

"असेच," भारद्वाज म्हणाला. "राज्य त्याच पायांनी उभं केलं. सरळ पायांचे नुसते बसले."

राणीने लेक ठशावर टेकवली. तळव्यावर तळवा बसावा तशी पावलं बसली. माध्यान्ह झाली. राजाने मान ताठ केली, तोंड उघडलं आणि विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

नाव ठेवलं शिलावती. ती पावलांच्या कडांवर चालायला शिकली आणि पुढे गादीवर बसली. सीमेपार गेलेल्या सगळ्यांना बोलावणं धाडलं. कोणी काठी टेकत आलं, कोणी पालखीतून, कोणी लेकाच्या खांद्यावर. बसायला जागा पुरेना, तेव्हा प्रधानाला उठवलं.

ही कहाणी मांडी घालून ऐकणाऱ्याचं भलं होवो, पाय पसरून ऐकणाऱ्याचं दुप्पट होवो.