बस्त्यावची टाच

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पाद्रीबाबा होडीतून यायचे, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या तिवरपाड्यात बस्त्याव नावाचा एक माणूस होता. त्याचं काम बांध राखायचं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गावाचं भात, आणि मध्ये मातीचा बांध, चांगला अर्धा कोस लांब. खेकडे त्यात बिळं करायचे. बस्त्याव कुदळ आणि पाटी घेऊन रोज फिरायचा, चिखलानं बिळं बुजवायचा. एक बीळ राहिलं तरी भरतीचं पाणी त्यातून वाट काढतं. आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं, की तीन वर्षं तिथं भात धरत नाही.

माणूस सोन्यासारखा, पण जिवाला घोर फार. जेवायला बसला तरी कान खाडीकडं. देवळात गुडघे टेकले तरी डोक्यात बिळंच. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. त्याची बायको फिलू म्हणायची, "अवो, ताटात बोंबील आहे, त्याच्याकडं तरी बघा. वाट बघून तोही कंटाळला." असं म्हणतात, की बस्त्याव देवाचे उपकार मानायचा, पण त्याला लगेच शेपूट लावायचा. "देवा, तुझे उपकार, पण वारा वाढलाय." "देवा, तुझे उपकार, पण उद्याचं काय?"

एका साली भात असं पिकलं, की लोंब्या जमिनीला टेकल्या. पण विळा कुणी लावेना, कारण आगेरा व्हायचा होता. आगेरा म्हणजे आमचा उपकार मानायचा सण. पहिली जुडी वाजतगाजत देवळात न्यायची, पाद्रीबाबांनी तिला आशीर्वाद द्यायचा, मगच गावानं कापणीला हात घालायचा. त्या साली आगेरा आला रविवारी, आणि पुनवेचं उधाण त्याच्या आधी, शुक्रवारी. बुधवारीच बस्त्याव धावत मनवेल पाटलाकडं गेला.

"मनवेलमामा, आजच कापू या. वारा पश्चिमेचा आहे. बांध नाही राहायचा."

"गेल्या साली काय म्हणालास?"

"बांध नाही राहायचा."

"आणि त्याच्या आधल्या साली?"

ओटीवरची माणसं हसली. "तेच रे, तेच!"

पाटील म्हणाला, "देवाच्या आधी आपण ताटावर बसायचं होय? जा, घरी जा."

पण त्या साली बस्त्यावचं खरं होतं.

शुक्रवारी सकाळपासून वारा सुटला. पुनवेची भरती आमच्याकडं भरदुपारी चढते. ती चढायच्या आधीच पाणी बांधाला भिडलं. बस्त्याव चिखल टाकत गेला, टाकत गेला. मग ज्या खड्ड्यातून चिखल काढायचा, तो खड्डाच पाण्याखाली गेला. वर बोटभर बांध उरला, आणि तोही पायाखाली दह्यासारखा हलायला लागला.

फिलू पेज घेऊन आली.

"फिलू, आता काय करू गं?"

"काय उरलंय करायला?"

"काहीच नाही."

"मग पेज घ्या."

तो प्यायला. असं म्हणतात, की त्या पेजेच्या घोटाला तो थांबला. ते भात गेल्या सालचं होतं, याच बांधाआडचं. वीस वर्षं तो तेच खात होता, पण त्याची चव त्याला आज कळली. बस्त्यावनं त्या मऊ मातीवर जोरात टाच मारली आणि मोठ्यानं म्हणाला, "देवा, या पेजेसाठी तुझे उपकार." शेपूट काही आलं नाही.

मग दुसरी टाच. "फिलूसाठी उपकार." मग तिसरी. "बांध राहिला त्या सगळ्या दिवसांसाठी उपकार. येशू, वादळात तू होडीत उशाला डोकं टेकून झोपलास. मला काही झोप येत नाही. पण होडीत तू आहेस. उपकार."

असा तो चालत निघाला, त्याच्यामागं फिलू. हाती लागेल तेवढं कापू म्हणून गाव विळे घेऊन धावत आलं होतं, ते बघत राहिलं. मनवेल पाटलानं पायातल्या वहाणा काढल्या.

"बस्त्याव, मी हसलो रे."

"हसा नंतर, मामा. आधी टाच मारा."

सगळं गाव एका रांगेत बांधावर चढलं. प्रत्येक टाचेला एक उपकार. कुणी गाईसाठी, कुणी सासूसाठी, कुणी उतरलेल्या तापासाठी. माती दबत गेली, घट्ट होत गेली. आणि पाणी? असं म्हणतात, की ते बांधाच्याही वर हातभर चढलं आणि तिथंच काचेसारखं उभं राहिलं. त्यातून पोहणारे बोय मासे माणसांच्या डोळ्यांत बघत होते. एक थेंब आत पडला नाही. मग ओहोटी लागली.

रविवारी पहिली जुडी गावानं बस्त्यावच्या हातात दिली. पाद्रीबाबांनी विचारलं, "आता भीती गेली ना?"

"नाही बाबा, आहे. उद्या पुन्हा भरती आहे. पण काल जेवलो, ते चवीनं जेवलो."

तेव्हापासून आगेऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी, भरदुपारी, सगळा तिवरपाडा अनवाणी बांधावर चालतो. बांध आता सिमेंटचा आहे. सिमेंटला टाच मारून काही होत नाही, नुसती टाच दुखते, हे आम्हालाही कळतं. खाडी दर साली थोडी वर येते, तेही दिसतं. तरी टाच मारायची, आणि मोठ्यानं एक उपकार म्हणायचा.

गेल्या साली आमच्या शेजारच्या सांतानची सून रांगेत होती. नवरा जाऊन तिला दोनच महिने झाले होते. ती मध्येच थांबली. मागच्यांनी घाई केली नाही. खाली पाणी चढत होतं. बऱ्याच वेळानं तिनं टाच मारली आणि म्हणाली, "बारा वर्षं होता."

मग रांग पुढं सरकली.