भुरीचा नकार

माळावर माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. जनावरांची सभा भरायची होती. त्याआधी कोल्ह्यांच्या म्होरक्याने कळपाला बजावलं, "तळं सुसरबाईला देऊन टाकायचं. तिच्या शिकारीतलं उरलंसुरलं आपल्याला मिळेल. सगळ्यांनी होकार द्यायचा."

पण पाण्यावर येणारी पाडसं भुरी कोल्हिणीच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिने भर सभेत नकार दिला आणि त्या एका मताने ठराव पडला.

कळपात कुणी तिला बोल लावला नाही. तिन्हीसांजेला कोल्हेकुई सुरू झाली. भुरीने सूर लावताच सगळा माळ गप्प झाला. ती थांबली, तशी कोल्हेकुई पुन्हा सुरू झाली.

"आक्का, मी दिसत नाही का तुला?" तिने सख्ख्या बहिणीला विचारलं.

बहीण पिल्लांना म्हणाली, "वारा सुटलाय. आत चला."

पुढच्या सभेत तिचं नाव पुकारलंच नाही. भुरी तळ्याकडे गेली. पाणी पिणारी हरणं कोल्हीण आली म्हणून पांगली. मग पाण्यातून दोन डोळे वर आले.

"मला दिसतेस हो तू," सुसर मायेने म्हणाली. "ये, अशी जवळ ये."

किती दिवसांनी कुणीतरी तिच्याशी बोललं होतं. भुरीचं पाऊल आपसूक पाण्यात पडलं.