टाचेचा आवाज

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गडाचं नाव कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा.

त्या गडावर दरसाल कडा उतरण्याची शर्यत लागे. दोर धरायचा, टाचेने दगड ठोकून बघायचा, पक्का लागला तरच खाली सरकायचं. पोरं चालायला लागली की आधी हे शिकत. सटवाचे पाय मात्र लहानपणीच तापात लुळे पडलेले. तो नुसत्या हातांनी उतरायचा आणि पहिला यायचा. तरी पंच म्हणत, "टाच मारली नाही, ती कसली उतरण?" आणि नाव दुसऱ्याचंच पुकारत.

मग लढाई आली. शत्रूने गडाला वेढा घातला. टाक्यातलं पाणी तळाला गेलं. तहानलेली लेकरं रडून रडून गप्प झाली. मित्रराजाची फौज नदीच्या खालच्या अंगाला थांबली होती. निरोप गेला नाही, तर गड पडला असं समजून ती माघारी जाणार होती.

सटवा म्हणाला, "मी जातो." लोक हसले. एवढ्या काळजीतही हसले बरं का!

दाट धुक्यात गडावरचा सर्वांत तरबेज गडी उतरला. थोड्या वेळाने खालून शत्रूचा गलका आला. दोर रिकामाच वर आला. मग दुसरा गेला. त्याचंही तेच झालं.

किल्लेदार डोकं धरून बसला. सटवा सरपटत पुढे आला. "धनी, मी काठाशी पडून कान देत होतो. दोघांनी दगडाला टाच मारली. धुक्यात दिसत नाही, पण ऐकू येतं. आता तरी मला पाठवा."

"अरे, शत्रूने गाठलं तर पळशील कसा?"

"पळता येत होतं, ते तरी कुठे सुटले?"

"आणि खाली उतरल्यावर?"

"खाली नदी आहे. पाण्यात मला पाय कशाला हवेत?"

किल्लेदाराने सटवाच्या हाती दोर दिला. तो उतरू लागला, तसा त्याच्या आईने दोरावर हात ठेवला. दोर ताणला की तिचा श्वास अडे. जरा सैल पडला की तिला वाटे, सुटला. एकदा खाली दगड गडगडला आणि सगळ्यांनी कान टवकारले. गलका मात्र झाला नाही. मग दोर एकदम हलका झाला. पोरगं उतरलं की पडलं, कोण सांगणार? ती तशीच दोर धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकडून मित्रराजाचं रणशिंग वाजलं. तेव्हा कुठे त्या माउलीने दोर सोडला. तिची बोटं उघडता उघडत नव्हती.

वेढा उठला. लेकरं पोटभर पाणी प्याली. किल्लेदाराने सटवाला स्वतःच्या खांद्यावर बसवून गडावर आणलं. पण आधी उतरलेल्या दोघांपैकी एकच जिवंत सापडला होता. दुसऱ्याची आई गर्दीतून वाट काढत किल्लेदारासमोर उभी राहिली.

"हा पहिल्यापासून इथेच होता ना?" तिने सटवाकडे बोट केलं. "मग माझ्या लेकाला आधी का पाठवलंत?"

किल्लेदाराची मान खाली गेली. खांद्यावर बसलेला सटवाही रडू लागला.

म्हणून सांगतो, ज्याचं फक्त उणंच बघितलं, त्याचं बळ कळायला उशीर होतो, आणि त्या उशिराची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.