आजोबांची कामटी

फार पूर्वी, खाडीकाठच्या एका गावात एका बुरडाचं कुटुंब राहत होतं. सुपं आणि टोपल्या विणून त्यांचा संसार चालायचा. घर म्हणजे एक खोली, एक पडवी आणि परसात बांबूचं बेट. पण नाताळ जवळ आला की त्या पडवीत जी मजा चाले, ती गावातल्या माडीवाल्यांच्या घरीही नसायची.

त्या घरात नाताळसाठी बाजारातून काही आणत नसत. आई टोपलीत माती घालून नाचणी पेरायची, आणि हिरवे कोंब वर आले की ती झाली बाळ येशूच्या गव्हाणीभोवतीची शेतं. वडील बांबूच्या सालीची मेंढरं विणायचे. एका मेंढराची शिंगं एका वर्षी जरा लांबच झाली, तेव्हापासून सगळे त्याला बैल म्हणत आणि बैलाच्या जागीच उभं करत. धाकटा मुलगा चिंचोके रंगवून माळा ओवायचा. म्हणजे निम्मे ओवायचा आणि निम्मे भाजून खायचा. करंज्या करताना सगळे एकाच परातीभोवती बसत. कुणी गाणं म्हणे, कुणी ते चुकवी, आणि हसण्यात सारण सांडे. खरं सांगायचं तर, असं घर बघितलं की हेवाच वाटतो.

या सगळ्यात खरा मान असायचा ताऱ्याचा. तारा पाच कामट्यांचा, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांचा, आणि घरात माणसंही पाच: आजोबा, वडील, आई, थोरली सलोमी आणि धाकटा. प्रत्येकाने आपली कामटी आपण चिरायची, आपण तासायची. मग त्या एकमेकींत आडव्यातिडव्या गुंफल्या की ताऱ्याच्या प्रत्येक टोकाला दोघांच्या कामट्या भेटत. तिथली गाठ त्या दोघांनीच मिळून बांधायची, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने आवळायचं. ही रीत आजोबांनी घालून दिली होती. वर पतंगाचा कागद चिकटवायचा, मागे दिवा टांगायचा, की झाला तारा.

त्या वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनी गावाला सांगितलं, "यंदा गावातला सर्वांत सुबक तारा चर्चच्या दारावर लावायचा."

सलोमीने ते ऐकलं आणि तिची झोप उडाली. मुलगी हाताची मोठी हुशार. तिची कामटी अशी उतरायची की बोट फिरवलं तर कुसळ लागायचं नाही. यंदा चर्चच्या दारावर आपलाच तारा लागणार, हे तिने मनाशी ठरवून टाकलं.

अडचण एकच होती. उन्हाळ्यात आजोबांना मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना उजव्या हाताला थरथर ठेवून गेला. ज्या हाताने अख्ख्या गावाला सुपं दिली, त्या हाताने कामटी तासायला घेतली की ती कुठे जाड राहायची, कुठे नको तेवढी पातळ व्हायची. आजोबांनी पुन्हा पुन्हा तासली आणि शेवटी हसून म्हणाले, "घ्या, आज एवढीच जमतेय."

वडिलांनी ती कामटी हातात घेऊन वाकवून पाहिली. मग ते खाली बसून स्वतःचीच कामटी पुन्हा तासू लागले. आईनेही आपली आणि धाकट्याची तासायला घेतली. सलोमीला वाटलं, घरचे कामट्या गुळगुळीत करताहेत. तिने आपली होती तशीच ठेवली, ती आधीच सुरेख होती. पाचही कामट्या बांधून झाल्या, तेव्हा तारा एका बाजूला थोडासा कलला.

दुसऱ्या दिवशी सगळे गाण्यांच्या तालमीला चर्चमध्ये गेले. डोकं दुखतंय असं सांगून सलोमी घरी थांबली. तिने आजोबांच्या कामटीच्या दोन्ही गाठी सोडल्या, चांगल्या पेराचा बांबू बघून नवी कामटी काढली, ताठ आणि सरळ. दोन्ही टोकांच्या गाठी तिने एकटीनेच, दातात दोरा धरून बांधल्या. जुनी कामटी चुलीपाशी सरपणात टाकली आणि घरचे येण्याआधी कागदही चिकटवून टाकला. तारा आता एकदम डौलदार दिसत होता. घरच्यांनी कौतुक केलं, आणि सलोमीच्या मनाला लागलेली टोचणी त्या कौतुकात बुडून गेली.

करंज्यांच्या दिवशी आजोबा चुलीपाशी जाळ घालायला बसले. सरपणात हात घातला आणि हाताला ती कामटी लागली. उभं आयुष्य बांबूत गेलेला माणूस, त्याला आपल्या सुरीची खूण ओळखू येणार नाही? त्यांनी ती उलटसुलट पाहिली. मग ताऱ्याकडे पाहिलं. सलोमी समोरच करंज्यांना मुरड घालत होती, तिचे हात तिथेच थांबले.

आजोबांनी कामटी चुलीत सरकवली. "वाळलेली आहे, चांगली पेटेल," ते म्हणाले. थोड्या वेळाने, जणू सहज, सलोमीच्या वडिलांना म्हणाले, "पुढच्या वर्षी माझी कामटी धरू नका रे. चौघांच्या चारांत काय बसतंय ते बघा."

"असं काय बोलता बाबा?" आई म्हणाली. आजोबा उठून परसात जाऊन बसले. सलोमीने त्या दिवशी एकही करंजी खाल्ली नाही. पण बोलायचा धीरही तिला झाला नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या घरचे तारे चर्चच्या अंगणात मांडले गेले. बुरडाच्या घरचा तारा निवडला गेला, त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. तो दारावर चढवला. सलोमीला वाटलं होतं, या घडीला आपण आनंदाने नाचू. तिची नजर मात्र गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या आजोबांवरून हलेना.

संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला. तारा हलला, ताणला आणि कडकन मोडला. एक कामटी मधोमध चिरली, कागद टरकला आणि सगळं खाली आलं.

"अरेरे," गावचा सुतार म्हणाला. "म्हाताऱ्याची कामटी असणार. हात कापतो ना त्यांचा. त्यांच्याकडून करून घ्यायलाच नको होती."

चार माना हलल्या. आजोबा पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "होय, माझाच हात चुकला. गावाने माफ करावं."

खरं ठाऊक असलेली माणसं तिथे दोनच होती, आणि त्यातल्या एकाने तर आळ स्वतःवर घेतला होता. ती गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलंही नसतं. उलट अख्ख्या गावासमोर, नाताळच्या तोंडावर, स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे अब्रूच जाणार होती.

"ती आजोबांची कामटी नव्हती," सलोमी म्हणाली. गलक्यात कुणी ऐकलं नाही, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "आजोबांची मी काढून टाकली. त्यांना न विचारता. तिथे माझी बसवली."

वडिलांनी मोडका तारा उचलून पाहिला. चिरली होती ती त्यांची कामटी.

"बाबांची कामटी नरम होती, म्हणून आम्ही आमच्याही नरम केल्या होत्या," ते म्हणाले. "तुझी एक ताठ होतीच, त्यात तू दुसरीही ताठ घातलीस, पोरी. सगळा ताण आमच्यावर आला."

तेव्हा कुठे सलोमीला कळलं, त्या दिवशी पडवीत सगळे कशासाठी तासत बसले होते. तिला रडू कोसळलं.

चर्चच्या दारावर सुताराच्या घरचा तारा लागला. बुरडाची माणसं घरी परतली. सलोमीने पाच कामट्या चिरल्या आणि एक आजोबांपुढे ठेवली.

"नको पोरी," आजोबा म्हणाले. "हात थांबत नाही."

"नाही थांबला तर नाही. तुम्ही आधी तासा, आजोबा. मग तुमची बघून मी माझी तासते."

आजोबांनी सुरी उचलली. त्यांचं तासून झाल्यावर सलोमीने त्यांची कामटी वाकवून पाहिली, आणि आपली हुशारी बाजूला ठेवून आपली कामटी तिच्याएवढी नरम होईपर्यंत तासली. बाकीच्यांनीही आपापली तशीच तासली. मग आजोबा आणि सलोमी आपल्या टोकाच्या गाठीला बसली. तिने टोक धरलं, आजोबांनी दोरा घेतला. दोरा निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. प्रार्थनेची घंटा झाली, तरी त्या घरात कुणीही "चला, उशीर होतोय" म्हणालं नाही. आईने धाकट्याचं तोंड करंजीने बंद केलं, ते वेगळं.

अखेर गाठ बसली. कागद लागला, दिवा लागला आणि तारा पडवीत चढला. वारा तसाच वाहत होता. तारा त्याच्याबरोबर झुलत राहिला.

प्रार्थनेला निघालेला सुतार वाटेत थबकला. "तारा जरा कललाय गं तुमचा," तो म्हणाला.

"हो काका," सलोमी म्हणाली, "आजोबांच्या बाजूला कललाय." आणि आजोबांचा थरथरता हात हातात घेऊन ती चर्चच्या वाटेला लागली.

तात्पर्य ज्याने त्याने घरी न्यावं ते असं: घरातला एखादा हात थकला, तर त्याच्याकडून काम काढून घेऊ नये, आपलं काम त्याच्या मापाचं करून घ्यावं.