ढालीचा खिळा

माघ महिना होता. त्या दिवशी पहाटे खाडीवरून धुकं वर आलं आणि मिठागरावर, वाटेवर, मारुतीच्या देवळावर असं बसलं की उठेचना. कोंबडे आरवले, ते आपले अंदाजानं.

अशा त्या धुक्यात आंबेखार गावात एक भोळा गडी मैदानाभोवती पळत होता. त्याचं नाव लडकू. आदल्या दिवशी हिराजीकाकांनी त्याला सांगितलं होतं, "सकाळी मैदानावर ये आणि मी येईपर्यंत पळ." काकांनी सकाळी दार उघडलं, धुकं बघितलं, दार लावलं आणि पुन्हा गोधडीत शिरले. ते मैदानावर आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. लडकू पळतच होता.

"अरे, किती फेऱ्या झाल्या?" काकांनी विचारलं.

"ते नाही माहीत. पळ म्हणालात. मोज कुठं म्हणालात?"

लडकू मिठागरावर मिठाच्या टोपल्या वाहायचा. अंग असं की दोन टोपल्या एकदम उचलायचा. पाय असे की कबड्डीच्या मैदानात चढाईला गेला की समोरच्या सातांना आधी वारा लागायचा आणि मग लडकू. पण शिस्त म्हणाल तर नाही. मनाला येईल तेव्हा खेळायला यायचा. खेळता खेळता बांधावर खेकडा दिसला की त्याच्यामागे जायचा. सांगितलेलं मात्र विसरायचा नाही. कधीच विसरायचा नाही. घोटाळा तिथंच होता.

हिराजीकाका आंबेखारच्या संघाचे मास्तर. शाळेत कधी गेले नव्हते, पण सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. दर फाल्गुनात शिरखार गावाशी ढालीचा सामना व्हायचा आणि गेली अकरा वर्षं ढाल शिरखारच्याच देवळात होती. बारा वर्षांपूर्वी काकांनी मारुतीच्या देवळात ढालीसाठी स्वतःच्या हातानं खिळा ठोकला होता. त्या खिळ्याला आता पुजारी छत्री लावायचा. काका दर शनिवारी छत्री काढायचे, खिळ्याला तेलाचं बोट लावायचे आणि छत्री परत लावायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी सांगून टाकलं होतं की आता पुरे. यंदा ढाल आली तर आली.

म्हणून काकांनी ठरवलं, या पोराला नीट शिकवायचं.

पहिला सामना कोपरवाडीशी झाला. लडकू चढाईला गेला. कबड्डी कबड्डी करत तीन गड्यांना हात लावला आणि परत फिरला. मधली रेघ दोन पावलांवर होती. तेवढ्यात त्याला समोर मामाचा मुलगा दिसला. तो कोपरवाडीकडून खेळत होता. लडकू थांबला.

"मामीचा गुडघा बरा आहे का रे?" त्यानं विचारलं.

दम तुटला. सात जण अंगावर पडले. खालून लडकूचा आवाज आला, "शेक घेते का?"

काकांनी त्याला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. काका कधी ओरडायचे नाहीत.

"असं नाही रे बाबा. एकदा रेघ ओलांडली की तोंडात कबड्डीवाचून दुसरा शब्द नको. समोर मामा असो की देव असो. हात लाव, मागे पळ."

"बरं काका. आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

चार दिवसांनी काकांनी त्याला कोपरवाडीला पाठवलं. तिथले धर्माजी नाना सगळ्या सामन्यांना पंच असायचे. त्यांना ढालीच्या सामन्याचं आवतण द्यायचं होतं. लडकू निघाला. गावाची शीव आली. शिवेवर चुन्याची रेघ होती. लडकूनं रेघ ओलांडली, दम धरला आणि कबड्डी कबड्डी करत कोपरवाडीत शिरला. कुत्री मागे लागली. नाना ओटीवर जेवायला बसले होते.

"कोण रे तू? काय काम काढलंस?"

"कबड्डी कबड्डी कबड्डी," लडकू म्हणाला. त्यानं नानांच्या टकलाला हात लावला आणि आला तसा मागे पळाला.

संध्याकाळी नानांचा निरोप आला. निरोप लांब होता, पण इथं सांगण्यासारखा नव्हता.

काकांच्या शेजारी चांगुणा राहायची. दोन घरांमध्ये काट्याकुट्यांची वई होती आणि वईपलीकडे ती सुकट वाळवायची. तिनं सगळं ऐकलं.

"भावजी, पोराला शिकवता की पढवता?" ती म्हणाली.

काकांनी लडकूला समोर बसवलं. "असं नाही रे बाबा. दुसऱ्याच्या अंगणात गेलं की आधी हात जोडावेत. रामराम म्हणावं. घरचे बरे आहेत का विचारावं. चहा दिला तर घ्यावा. घाई करू नये."

"बरं काका. आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

पुढचा सामना मिठागरावरच्या दुसऱ्या टोळीशी होता. लडकू चढाईला गेला. समोरच्या अंगणात मधोमध उभा राहिला आणि हात जोडले.

"रामराम मंडळी. घरचे बरे आहेत का?"

सात जण त्याच्यावर पडले. बऱ्याच वेळानं ढिगातून आवाज आला, "चहा असेल तर घेतो. नसेल तर घाई नाही."

काकांनी त्याला बाहेर काढलं आणि अंगावरची माती झटकली.

"असं नाही रे बाबा. मैदानात कबड्डीच म्हणायचं, रामराम बाहेर. आणि कुणी पाय धरला की थांबायचं नाही. तो कितीही जड असो, त्याला तसाच ओढत रेघेपर्यंत आणायचा."

"मैदानात कबड्डी. पाय धरला की ओढायचं. बरं काका. आता ध्यानात ठेवतो."

फाल्गुन लागला आणि लडकूच्या चुलतभावाचं लग्न निघालं. लडकू नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून मानाचा. अंगात नवा सदरा, डोक्यावर फेटा. लग्न लागलं. नवरीचा भाऊ मोठ्यांच्या पाया पडत पडत लडकूपर्यंत आला. चांगला भरदार गडी. वाकला आणि त्यानं लडकूचे पाय धरले.

लडकूनं इकडं तिकडं बघितलं. मांडवाच्या तोंडाशी रांगोळीची रेघ होती.

तो निघाला. नवरीचा भाऊ घाबरून पाय घट्ट धरून बसला, म्हणून तोही निघाला. पहिल्यांदा वाजंत्रीवाले गेले. मग लाडवांची परात गेली. मग मांडवाचा एक खांब. रांगोळी ओलांडल्यावर लडकू थांबला आणि म्हणाला, "बाद."

वरात निघायला दोन तास लागले. घरी परतताना चांगुणा एवढंच म्हणाली, "भावजी, खांब चांगला होता हो."

काकांनी कपाळाला हात लावला, पण आवाज चढवला नाही.

"असं नाही रे बाबा. पायाशी माणूस आला की त्याला प्रेमानं उचलावा. छातीशी धरावा. औक्षवंत हो म्हणावं. आणि आपल्या हातात असेल ते त्याच्या हातात ठेवावं. पाया पडलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. आणि आशीर्वाद म्हणून दिलेलं कधी परत घ्यायचं नसतं."

"कधीच?"

"कधीच."

"बरं काका. आता ध्यानात ठेवतो."

ढालीचा सामना आठ दिवसांवर होता. काकांनी ठरवलं, आता या पोराला एक अक्षरही शिकवायचं नाही. आठ दिवस ते लडकू दिसला की वाट बदलायचे. मारुतीच्या देवळातली छत्री मात्र त्यांनी काढून ठेवली. खिळ्याला दोनदा तेल लावलं.

सामन्याला दोन्ही गावं लोटली. धर्माजी नाना पंच होते. डोक्याला घट्ट टोपी घालून आले होते. सामना असा रंगला की लोकांना बिडी पेटवायला सवड मिळाली नाही. शेवटची चढाई उरली. आंबेखार एका गुणानं मागे होतं. जिंकायला दोन गुण हवे होते आणि चढाई लडकूची होती.

लडकूनं काकांकडं बघितलं. काकांनी तोंडात खांद्यावरच्या पंच्याचा बोळा कोंबला.

लडकू रेघ ओलांडून गेला. कबड्डी कबड्डी. शिरखारच्या दोघांनी एकदम उडी टाकली आणि त्याचा एकेक पाय धरला. अशा पकडीतून कधी कोणी सुटलेला नव्हता. काकांनी डोळे मिटले.

लडकूनं खाली बघितलं. पायाशी दोन माणसं आली होती. त्यानं दोघांना प्रेमानं उचललं, मिठाच्या टोपल्या उचलतो तसं. छातीशी धरलं. हात रिकामे होते आणि रिकाम्या हातानं तर कुणाला पाठवायचं नव्हतं. जिंकल्यावर फोडायला आणलेला आंबेखारचा नारळ आपल्या बाजूला, फळीवर ठेवलेला होता. कबड्डी कबड्डी करत लडकू दोघांना घेऊन रेघ ओलांडून नारळापाशी आला. त्यानं दोघांना उतरवलं, म्हणाला, "औक्षवंत व्हा," आणि नारळ त्यांच्या हातात दिला.

नानांनी शिट्टी मारली. दोन गुण!

आंबेखार नाचायला लागलं. बारा वर्षांनी! कुणीतरी म्हणालं, "अरे, तो आपला नारळ आहे, फोडायचाय!" लडकू म्हणाला, "दिलेलं परत घ्यायचं नसतं." लोक हसले. अशा वेळी नारळाचं काय एवढं?

ढाल काकांच्या हातात आली. पितळेची, जड. काकांना त्यात आपलं तोंड दिसलं आणि डोळे भरून आले. पंच्यानं डोळे पुसायला हात मोकळे हवेत, म्हणून त्यांनी आठ दिवसांत पहिल्यांदा लडकूला काही सांगितलं.

"जरा धर रे बाबा."

लडकूनं ढाल धरली.

या दोन गावांची एक रीत होती. हरलेला कप्तान जिंकलेल्या गड्याच्या पाया पडायचा, म्हणजे मैदानातला राग मैदानातल्या मातीत राहतो. शिरखारचा कप्तान चांगला माणूस. पुढं आला आणि लडकूच्या पायाशी वाकला.

काकांनी डोळ्यांवरून पंचा काढला, तेव्हा लडकू "औक्षवंत हो" म्हणून मोकळा झाला होता. ढाल कप्तानाच्या हातात होती.

कप्तान बिचारा गोंधळला. त्यानं ढाल परत पुढं केली. लडकूनं हात पाठीमागं नेले. कप्तानानं काकांकडं बघितलं. सगळ्या गावानं काकांकडं बघितलं.

"काका, दिलेलं परत घ्यायचं नसतं ना?" लडकूनं विचारलं.

काकांनी पंचा खांद्यावर टाकला. पोराला त्यांनी खोटं कधी शिकवलं नव्हतं.

"नसतं रे बाबा," ते म्हणाले.

ढाल शिरखारला गेली. आंबेखार जिंकलं होतं, त्यामुळे कुणाला रडताही येईना. घरी येताना काका मारुतीच्या देवळात थांबले आणि छत्री खिळ्याला लावून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लडकू काकांच्या ओटीवर येऊन बसला.

"काका, माझं काही चुकलं का?"

"थोडंसं, बाबा."

"मग तिथं काय करायला हवं होतं? सांगा. ध्यानात ठेवतो."

काकांना वाटलं, एवढ्या प्रेमानं विचारतोय. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायला तोंड उघडलं.

वईपलीकडे सुकटीची टोपली धपकन खाली पडली आणि चांगुणा ओरडली, "भावजी, गप्प बसा! ढाल गेली ती गेली, आता घर तरी राहू द्या!"